पास ज्याचा त्याचा

प्रत्येक ग्रुपमध्ये एक मोजणारी असते. सिंहगडावर न्या, अलिबागला न्या, नाहीतर नुसतं मल्टिप्लेक्सला न्या, बाई दर दहा मिनिटांनी मान उंच करून डोकी मोजणार. एक, दोन, तीन, चार... अरे, तो कुठाय? आमच्या ग्रुपमधली ती मी. शिवाय प्रत्येक मराठी ग्रुपची एक अलिखित घटना असते. कलम एक, निघायचं तर सगळ्यांनी. कलम दोन, खायचं तर एकाच टेबलावर, मग त्यासाठी हॉटेलबाहेर पाऊण तास उभं राहावं लागलं तरी बेहत्तर. कलम तीन, एकाला नको असेल तर कुणालाच नको, पण त्यानंतर तोंड मात्र पाचही जणांनी पाडून बसायचं.

ही घटना सॅकमध्ये भरून आम्ही पाच जण सप्टेंबरात युरोपला ट्रेननं भटकून आलो. पंधरा दिवस, पाच देश, पाठीवर प्रत्येकी नऊ-दहा किलो. खरी नावं छापली तर ग्रुपमधून माझंच नाव कटेल, म्हणून हुद्द्यांवर भागवते. एक सीए, म्हणजे आमचं अर्थखातं. एक टेस्टर, जो आयटीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि संध्याकाळी आमच्या. एक एचआर, जिचं डिसेंबरात लग्न होतं. एक स्टुटगार्टवाली. ती कॉलेजपासूनची मैत्रीण, सहा वर्षांपूर्वी एमएस करायला जर्मनीला गेली आणि तिकडचीच झाली. आणि मी, जाहिरातींची कॉपी लिहिणारी.

आता 'याच वर्षी का?' याचं उत्तर साधं आहे. वय. रेल्वे पासचा यूथ रेट २७ पर्यंतच मिळतो आणि आम्ही सगळे त्या आकड्याच्या उंबऱ्यावर पोचलो होतो. सीएचा अठ्ठाविसावा वाढदिवस तर ट्रिपच्या मध्यातच येत होता. पण त्यानं नियम तीनदा वाचला होता. प्रवासाच्या पहिल्या दिवशी तुम्ही २७ चे असलात की बास, नंतर वाटेत म्हातारे झालात तरी चालतं. हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो इन्क्रिमेंटलाही मी पाहिला नव्हता.

घरच्यांचा आक्षेप वेगळाच. गणपती झाले, पण पुढे पितृपक्ष. 'पितृपक्षात कुणी नव्या कामाला निघतं का?' हा डायलॉग चार घरांतून चार आयांच्या आवाजात आला. सीए म्हणाला, 'काकू, फिरायला चाललोय, दुकान नाही उघडत.' खरं तर नोकरदारांनी हा काळ जरूर ध्यानात ठेवावा. गणपती आणि दिवाळीच्या मधल्या त्या पंधरवड्यात कुणीच रजा मागत नाही, त्यामुळे बॉसला नाही म्हणायला कारणच सापडत नाही.

व्हिसाची फाइल ज्याची त्याला वेगळी करावी लागते, मग तुम्ही लंगोटीयार का असेनात. शेंगेनची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो झालीय, किमान ३० हजार युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो आणि अर्ज जिथे सगळ्यात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा. सीएनं एक्सेलमध्ये रात्रींची अशी मांडणी केली की स्वित्झर्लंडला चार आल्या, बाकी कुणालाच तेवढ्या नाहीत. स्विस लोक युरोपियन युनियनमध्ये नसले तरी शेंगेनमध्ये आहेत, हेही आम्हाला त्यानंच शिकवलं. दोनदा.

पण खरी मजा पासची. आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या लोकांना मिळतो तो युरेल. हा १९५९ पासूनचा, सुरुवातीला १३ देशांत चालायचा. खुद्द युरोपात राहणाऱ्यांना मिळतो तो इंटररेल. तो १९७२ मध्ये २१ वर्षांपर्यंतच्या पोरापोरींसाठी २१ देशांत सुरू झाला. आज दोन्ही ३३ देशांत चालतात, दोन्ही मोबाइलवर येतात, आणि इंटररेलला पासपोर्ट नाही तर राहण्याचा पत्ता बघतात. त्यामुळे आम्ही चौघं युरेलवाले आणि स्टुटगार्टवाली इंटररेलवाली. आता गंमत बघा. इंटररेलवर स्वतःच्या देशात फक्त दोन दिवस फिरता येतं, एक बाहेर पडायचा आणि एक परत यायचा. म्हणजे आम्ही पुण्याहून येऊन जर्मनीभर भटकू शकत होतो आणि तिथे टॅक्स भरणारी ही बया नाही! तिनं हे ऐकून ग्रुपवर जे लिहिलं ते जर्मन भाषेत होतं म्हणून वाचलो.

आम्ही महिन्याभरात कुठलेही सात दिवस प्रवासाचा पास घेतला. यूथ रेटनं प्रत्येकी तीनशे युरोच्या आत पडला. फंडा असा, की दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. त्यात हव्या तितक्या गाड्या बदला. आणि रात्रीची गाडी असेल तर चढलात तोच दिवस मोजला जातो, सकाळी उतरलात तो नाही, फक्त मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नाही. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांना पास असूनही सीटचं रिझर्वेशन वेगळे पैसे देऊन करावंच लागतं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत बहुतेक गाड्यांना ती भानगड नाही, आली गाडी की चढा. म्हणून आमचा रूट ठरला तो असा: झुरिक, इंटरलाकन, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, बर्लिन. पॅरिस नाही. 'युरोपला गेलात आणि पॅरिस नाही?' असं मला परत आल्यापासून अकरा जणांनी विचारलंय. नाही. पुढे.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. पास एका माणसाचा असतो. पाच जणांचा मिळून एक पास असला प्रकार नाही. ज्यानं त्यानं आपल्या मोबाइलमध्ये आपली गाडी टाकायची, आपला दिवस सुरू करायचा आणि चेकर आला की आपला क्यूआर कोड दाखवायचा. हे वाक्य मी पुण्यात वाचलं तेव्हा फक्त टेक्निकल वाटलं होतं.

पहिले तीन दिवस घटनेप्रमाणे गेले. म्हणजे एकत्र उठलो, एकत्र वैतागलो. हॉस्टेलच्या किचनमध्ये एचआरनं मेतकूट-भात केला आणि एका कोरियन मुलानं वास घेऊन रेसिपी विचारली. सीएला झुरिकमध्ये कळलं की त्या शहरात १२०० हून जास्त कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं आहे, तेव्हापासून त्यानं बाटलीच्या पाण्यावर बंदी घातली. इंटरलाकनला बागेतला यश चोप्रांचा पुतळा बघून झाला. मग आला चौथा दिवस, म्हणजे स्वित्झर्लंडचा शेवटचा. रात्री झुरिकहून व्हिएन्नाची नाइट ट्रेन होती, पावणेदहाच्या आत सुटणारी. तोवर आख्खा दिवस मोकळा आणि पासचा दिवस तसाही खर्ची पडणार होता, म्हणजे सकाळी कुठेही जा, संध्याकाळी झुरिकला या आणि रात्री तिथूनच व्हिएन्नाला सुटा. एका दिवसात सगळं. सीएला तर भरून आलं.

भांडण झालं ते 'कुठेही' या शब्दावरून.

टेस्टरला युंगफ्राऊयोखला जायचं होतं. ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन, १९१२ पासून चालू, त्याच्या भाषेत 'इंजिनीअरिंगचा बाप'. पण तिथवर पास चालत नाही, सवलत मिळते, आणि ती धरूनही तिकीट दीडशे फ्रँकच्या वर. सीए म्हणाला, 'एवढ्यात माझ्या बाइकचा वर्षाचा इन्शुरन्स निघतो.' एचआरला जायचं होतं झ्वाइझिमेनला. का? तर 'दिलवाले दुल्हनिया'. १९९५ च्या त्या पिक्चरमध्ये राज-सिमरनची झुरिकची गाडी चुकते ते स्टेशन. टेस्टर म्हणाला, 'एक स्टेशन बघायला एवढ्या लांब जायचं?' ती म्हणाली, 'तू काय बघायला चाललायस? स्टेशनच ना?' पॉइंट होता. मला कुठल्या तरी तळ्याकाठी नुसतं बसायचं होतं आणि स्टुटगार्टवालीला बर्नमध्ये जुन्या बाजारात फिरायचं होतं. ब्रेकफास्टच्या टेबलावर पाव थंड झाले. मतदान झालं, त्यात पाच जणांची पाच मतं. कलम तीन लागू होण्याच्या बेतात होतं, म्हणजे कुणीच कुठे जायचं नाही आणि दिवसभर इंटरलाकनच्या बाकावर बसून एकमेकांचे दोष काढायचे.

तेव्हा स्टुटगार्टवाली शांतपणे म्हणाली, 'पण पाचही जणांनी एकाच ठिकाणी जायची गरज काय? रात्री नऊला झुरिक स्टेशनवर भेटू.'

शप्पथ सांगते, टेबलावर शांतता पसरली. जणू कुणी साखरपुडा मोडला. टेस्टर म्हणाला, 'मग ग्रुपनं आलो कशाला?' एचआरच्या डोळ्यांत पाणी. आणि मी मनातल्या मनात मोजायला लागले, एक इकडे, दोन तिकडे, कुणाचा फोन बंद पडला तर, कुणी चुकलं तर. स्टुटगार्टवालीनं फक्त एवढंच विचारलं, 'तुम्ही सगळे पुण्यात रोज एकेकटे ऑफिसला जाता ना?'

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. गेलो.

टेस्टर एकटा वर गेला. सीए आणि स्टुटगार्टवाली बर्नला. (हो, दोघंच. आम्हीही भुवया उंचावल्या, पण तो विषय नंतर.) एचआर श्पीत्सला गाडी बदलून झ्वाइझिमेनला. मी उलट्या बाजूची गाडी पकडली, इंटरलाकनहून ब्रिएन्त्स आणि ब्रुनिग घाटावरून लुत्सर्न, तिथून झुरिक. ही छोट्या गेजची गाडी. ब्रिएन्त्सचं तळं खिडकीला चिकटून चालतं आणि त्याचा रंग बघून आपण कुणाला फोटो पाठवला तर तो म्हणणार, फोटोशॉप केलंयस. ब्रिएन्त्सला उतरले, दोन तास काठावर बसले, पुण्याहून नेलेली भडंग खाल्ली. मोजायला कुणी नव्हतं. सुरुवातीला हात कुठे ठेवावेत तेच कळेना, म्हणजे अशी सवय लागलेली. मग कळायला लागलं. घाट चढताना गाडी दातेरी रूळावर आली की तिचा आवाज बदलतो, हे मी एरवी ऐकलंच नसतं, कारण एरवी आमच्यापैकी कुणी ना कुणी बोलत असतं.

झुरिकच्या मोठ्या हॉलमध्ये छताला एक अगडबंब रंगीबेरंगी देवदूत टांगलाय. निकी द सँ फाल या शिल्पकार बाईंचं काम, १९९७ पासून तिथे आहे. सगळ्यांना लांबून दिसणारी खूण म्हणून त्याच्याखाली भेटायचं ठरलं होतं. पावणेनऊला मी. मग बर्नकर, हातात पाव आणि चीज. मग टेस्टर, जो वर पोचला तेव्हा ढगात काहीच दिसत नव्हतं. 'दीडशे फ्रँकचं धुकं!' सीए म्हणाला. टेस्टर म्हणाला, 'दोन तास थांबलो. मग पाच मिनिटं उघडलं.' पुढे काही बोललाच नाही. त्याला शब्द सुचत नाहीयेत हे आम्ही दहा वर्षांत पहिल्यांदा बघत होतो.

नऊ वाजले. नऊ पाच. नऊ दहा. एचआर नाही. फोन लावला, बंद.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं. सीए म्हणाला, 'गाडी चुकलीच तर ती सकाळच्या गाडीनं येऊ शकते, पास आहे तिच्याकडे. एक दिवस जास्त कापला जाईल इतकंच.' हिशोब बरोबर होता. पण एचआर म्हणजे इतकंच नव्हे ना. मी म्हटलं, तुम्ही चढा, मी थांबते. टेस्टर म्हणाला, मी पण. दोन मिनिटांत पाचांतले चौघं थांबायला तयार झालो होतो, आणि स्टुटगार्टवाली, जिला मी सकाळपासून मनातल्या मनात परदेशी ठरवून मोकळी झाले होते, ती प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना बघत उभी होती आणि नखं खात होती.

नऊ सतराला बाईसाहेब सॅक हलवत धावत आल्या. आम्ही काहीच विचारलं नाही. पळालो.

नाइट ट्रेनचं सहा बर्थचं कुशेत म्हणजे आपल्या थ्री टियर एसीची सावत्र बहीण. बर्थ तसेच, फक्त दार लागतं. पास असला तरी बर्थचे पैसे वेगळे, पण त्यात उशी, पांघरूण आणि सकाळी कॉफी, पाव, बटर, जॅम. सहाव्या बर्थवर एक आजोबा होते, ते कानात बोळे घालून आमच्या आधीच झोपलेले. बाकीचेही झोपले. मी आणि एचआर वरच्या दोन बर्थवर समोरासमोर. एक-दीडच्या सुमारास ती कुजबुजली, 'जागी आहेस?'

झ्वाइझिमेनला काय होतं? काहीच नव्हतं. एक छोटं, निवांत, स्वच्छ स्टेशन. फोटो चार मिनिटांत काढून झाला. पुढची गाडी यायला वेळ होता. तर ती बसली. आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की गेल्या सहा महिन्यांत ती अर्धा तास एकटी बसलेलीच नाही. घरी आई-बाबा, आजी, लग्नाच्या याद्या. ऑफिसात तर काम म्हणजेच माणसं. रविवारी आम्ही.

तिचा होणारा नवरा बंगळुरूला असतो. लग्नानंतर ती तिकडे जाणार आणि नोव्हेंबरात राजीनामा देणार, हे दोन्ही घरांनी गृहीत धरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनी विचारलं होतं आणि ती दर वेळी 'बघू' म्हणत होती. पाच वर्षांची नोकरी, पुढच्या वर्षी टीम तिच्या हाताखाली येणार होती. त्या स्टेशनवर संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे आपल्याकडे रात्री नऊला, तिनं त्याला फोन लावला आणि सांगितलं, की मी राजीनामा देणार नाहीये. बंगळुरूच्या ऑफिसला बदली मिळाली तर येईन, नाही मिळाली तर वर्षभर दोघं ये-जा करू.

'मग?'

'मग तो म्हणाला, आईला काय सांगू?'

'मग?'

'मी म्हटलं, हेच.'

बोलता बोलता गाडी आली, ती चढली नाही. तासाभरानं दुसरी आली, तीही जाऊ दिली. मग फोनची बॅटरी संपली. सिमरनची गाडी तिथे चुकली होती. आमच्या बाईनं दोन सोडल्या.

तसं बघितलं तर तो आख्खा पिक्चर उभा आहे तोच मुळी ग्रुप सुटण्यावर. सिमरन लग्नाआधी बापाकडून एक महिना मागून घेते, मैत्रिणींबरोबर ट्रेननं युरोप बघायला. मैत्रिणी पुढे निघून गेल्या नसत्या तर ती सगळी वरात मस्त फोटो काढून लंडनला परतली असती आणि मराठा मंदिरात इतकी वर्षं काय लावलं असतं देव जाणे. आमच्या एचआरला मात्र तिथे कुणी राज वगैरे भेटला नाही. थंडी होती आणि बाथरूमला जायचं होतं, असं ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस तो तिच्याशी नीट बोलला नाही. व्हिएन्नात ती गप्प गप्प. पण आम्ही तिच्या मागे लागलो नाही, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आधीच्या आम्ही असतो तर चौघांनी चार सल्ले दिले असते आणि वर तिला हसवण्यासाठी कल्ला केला असता. घटनादुरुस्ती झाली होती. नवं कलम: नाइट ट्रेन आणि सकाळचा चहा सक्तीचा, बाकी जो तो मोकळा. टेस्टर तंत्रज्ञानाच्या म्युझियममध्ये हरवला. मी ऑपेराच्या उभ्यानं बघायच्या स्वस्त तिकिटांच्या रांगेत गेले, तर मागून एचआर आली. म्हणाली, 'बोलायचं नाहीये, फक्त उभी राहते.' राहिलो की तीन तास. एकमेकींशी एक शब्द नाही. गाणं जर्मन, माझं लक्ष अर्धवट, आणि तरी ती माझी त्या ट्रिपमधली फेव्हरिट संध्याकाळ आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, बुडापेस्टच्या गाडीत, त्याचा मेसेज आला. 'आईला सांगितलं. आई म्हणाली, बदलीचं कधी कळेल?' एचआरनं तो मोठ्यानं वाचला. सीए म्हणाला, 'हे होकारार्थी धरायचं का?' टेस्टर म्हणाला, 'रिझल्ट पेंडिंग.'

बुडापेस्टवर फार लिहीत नाही, त्या शहरावर स्वतंत्र कॉलम होईल. सीएचा वाढदिवस तिथे पडला, तेव्हा मात्र पाचही जण एकत्र. १९१३ सालच्या सेचेनी हमामखान्यात गरम पाण्यात डुंबलो, बाहेर येऊन लांगोश खाल्ला. तळलेल्या गरमागरम पुरीसारखा पाव, वर सावर क्रीम आणि किसलेलं चीज. व्हेज आहे आणि एकात दोघींचं पोट भरतं. बुडापेस्ट ते प्राग सात तासांच्या आसपास लागतात, त्यात बदाम सातचे किती डाव झाले मोजले नाहीत. इथे एक टीप देऊन ठेवते, सीएच्या वतीनं. पासचे दिवस महागड्या देशांत जाळा. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी. हंगेरी-चेकमधली छोटी अंतरं तिकीट काढून स्वस्तात होतात, तिथे पासचा दिवस वाया घालवायचा नाही. आणि प्रागहून बर्लिनला जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा. व्हल्टावा, मग एल्बे, सगळी नदी त्या बाजूला आहे, आणि ड्रेस्डेनच्या अलीकडे वाळूच्या दगडाचे उंच सुळके येतात. चेक गाड्यांच्या डायनिंग कारमध्ये खरोखर स्वयंपाक होतो. तिथे बसून नदी बघण्यासाठी टेस्टर, जो प्राग गाळा म्हणत होता, परत एकदा प्रागला जायला तयार आहे.

आता बर्लिन आणि तो राहिलेला विषय.

आमचं परतीचं विमान फ्रँकफर्टहून होतं. आम्हा चौघांकडे पासचे दोन दिवस शिल्लक. बर्लिन ते फ्रँकफर्ट आयसीई म्हणजे जर्मनीची शताब्दी, चार तासांत पोचवते, तिकीट काढून गेलात तर चांगलं महाग. सीएनं पुण्यात बसूनच लिहून ठेवलं होतं, 'दिवस ६: बर्लिन-फ्रँकफर्ट, सर्वाधिक वसुली.' स्टुटगार्टवालीचा घरच्या देशातला दुसरा दिवस मात्र प्रागहून येतानाच संपला होता. तिच्याकडे उरलं होतं ते डॉइचलँड तिकीट. महिन्याचा पास, २०२३ च्या मेमध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ ला झाला. देशभर चालतो, पण फक्त साध्या गाड्यांना. म्हणजे बर्लिन ते स्टुटगार्ट, लोकल बदलत बदलत, सकाळी निघाली तर रात्री घरी.

नवं कलम होतंच. जो तो मोकळा. आम्ही तिला बर्लिन स्टेशनवर मिठ्या मारल्या, रडारड झाली, एचआरनं उरलेलं मेतकूट तिच्या हवाली केलं. आणि सीएनं सॅक उचलली आणि म्हणाला, 'मी हिच्याबरोबर जातो. युरेल लोकललाही चालतो.'

चालतो, बरोबर आहे. पण पासचा एक दिवस, सर्वाधिक वसुलीचा, त्यानं दिवसभर थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांवर उडवला. आणि शेवटचा उरलेला दिवस दुसऱ्या दिवशी स्टुटगार्टहून फ्रँकफर्टला यायला. ज्या माणसानं झुरिकमध्ये कारंज्याचं पाणी प्यायला लावलं, त्यानं. टेस्टर म्हणाला, 'बग आहे.' एचआर म्हणाली, 'फीचर आहे.'

दुसऱ्या दिवशी फ्रँकफर्टच्या चेक-इन काउंटरपाशी मी उभी होते आणि, सवय जात नाही, मोजत होते. तीनच भरत होते. आमची आयसीई आदल्या दिवशी पन्नास मिनिटं लेट झाली होती. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात ही समजूत आता सोडा. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि पाच-सहा मिनिटांचा उशीर ते वेळेवरच धरतात. त्यामुळे याची गाडी काय करतेय याचं टेन्शन. शेवटी आला. केस विस्कटलेले, हातात मेतकुटाची रिकामी बरणी.

'किती गाड्या बदलल्या काल?' टेस्टरनं विचारलं.

'सहा.'

'सगळ्या वेळेवर होत्या?'

सीए पासपोर्ट शोधत होता. 'बघितलं नाही रे,' म्हणाला.